पाहुणे जाईपर्यंत

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला वर्ग भरायचा, आणि लग्नसराई आली की वर्गाची हजेरी वाढायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे वर्ग घेणाऱ्या मुलीच्या दीड वर्षं लक्षात आलं नव्हतं. तिला वाटे, आपलं शिकवणं सुधारतंय.

ही मुलगी एरवी चष्म्याच्या दुकानात काम करी. आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणं हा तिचा धंदा, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. तिला स्वतःला चष्मा नव्हता, आणि ही गोष्ट दुकानाच्या मालकाला अधूनमधून खुपे. ती भित्री होती. साधीसुधी नव्हे, पद्धतशीर भित्री. फोन वाजला की ती आधी पाणी प्यायची आणि मग उचलायची. शेजाऱ्याची बेल दाबण्याआधी बोलायचं वाक्य पाठ करायची. डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांना वाचायला शिकवशील का, असं ग्रंथपालांनी विचारलं तेव्हा तिला नाही म्हणायची भीती वाटली, आणि अशा रीतीने समाजाला एक कार्यकर्ती मिळाली.

डाऊन सिंड्रोम हा संसर्ग नव्हे, शाप नव्हे, कोणाच्या पापाचं फळही नव्हे. जन्मतःच शरीरात एक गुणसूत्र जास्तीचं असतं, एवढंच. शिकणं सावकाश होतं, बोलणं थोडं जड होतं. चष्मेवालीच्या वर्गात अशी नऊ माणसं होती, बावीसपासून बावन्न वर्षांपर्यंतची. ती पुठ्ठ्याच्या कार्डावर एकेक शब्द मोठा लिहून आणायची. आधी सारखी कार्डं जोडायची, मग मागितलेलं उचलून द्यायचं, मग आपणहून वाचायचं. शब्द मात्र ती निवडून गोड आणायची : फूल, दूध, काका, धोबी, सुटी, छान. भीतीचे शब्द आणायचे नाहीत, बिचारी घाबरतील, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्या नऊ जणांपैकी आजवर कोणीही कशाला घाबरलेलं तिने पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वर्गातली सगळ्यांत हुशार म्हणजे थोरली. वय चौतीस, बांधा ठेंगणा, केसांना दोन चिमटे. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दुपारी जेवल्यावर एक गोळी न चुकता घ्यावी लागे. तिला रस्त्यावरची प्रत्येक पाटी बोट लावून मोठ्याने वाचायची खोड होती. तिच्या पाठचा भाऊ मधला आणि त्याच्या पाठची बहीण धाकटी. मधला गेली काही वर्षं 'आम्ही दोघंच भावंडं' असं लोकांना सांगत असे. दोघांतला एक जण मधला कसा काय, असं त्याला अजून कोणी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी थोरलीला तिच्या आईने आणून सोडलं. आईच्या कपाळावर घाम होता.

"आज हिला पाचपर्यंत ठेवाल ना बाई? डबा दिलाय. गोळी झाकणाला चिकटवलीय."

"पण वर्ग एकला—" चष्मेवाली म्हणाली.

"देव तुमचं भलं करो," आई म्हणाली आणि गेलीसुद्धा.

तिच्या मागोमाग कडक इस्त्रीच्या कपड्यांतली, अत्तर लावलेली एक अनोळखी बाई आली. तिने हाताला धरून एक पन्नाशीचा माणूस आणला होता. चेहरा गोल, डोळे मिचमिचे, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं.

"नवीन नाव घालायचंय. आमचा मामा. म्हणजे माझा भाऊ, माझ्या मुलाचा मामा. आजच सुरू करू या म्हटलं. शिक्षणाला मुहूर्त कशाला?"

"वा," चष्मेवालीला भरून आलं.

"पाच वाजता नेते. हा नंबर, पण फोन करू नका हं." एवढं बोलून तीही जिना उतरली. अत्तराचा वास मात्र साडेअकरापर्यंत वर्गात बसून होता.

एक वाजता बाकीचे घरी गेले. खोलीत थोरली, मामा आणि चष्मेवाली उरली. मामा बोलत नव्हता. त्याला खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांचे लाल दिवे आवडत होते. प्रत्येक दिव्याला तो काचेतून बोट लावून पाहत होता.

"बाई, आमच्याकडे पाहुणे आलेत," थोरली डबा उघडत म्हणाली.

"हो का? कोण?"

"धाकटीचे. लग्नाचे. पाहुणे आले की मी नसते."

"नसतेस म्हणजे?"

"आधी मी न्हाणीघरात बसायचे. बाहेरून कडी. मग एकदा मी गाणं म्हटलं." थोरलीला आठवूनच हसू फुटलं. "पाहुणे म्हणाले, कोण गातंय? आई म्हणाली, रेडिओ!"

चष्मेवालीला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच गोठलं.

"आणि आता?"

"आता शाळेत येते. इथं गायलं तरी चालतं."

चष्मेवालीने हजेरीचं रजिस्टर ओढलं. मांडीवर सदा बाजाची पेटी घेऊन बसणारे वर्गातले पेटीवाले साहेब ज्या रविवारी आले होते, त्याच आठवड्यात त्यांच्या पुतण्याने दुकानात येऊन साखरपुड्यासाठी नवी फ्रेम घेतली होती. जुळ्यांपैकी एकटी यायची ती मुलगी, तिची बहीण नुकतीच सासरी गेली होती. तिने मागची पानं उलटली. सगळीकडे तेच. दीड वर्षं ती ज्याला शाळा म्हणत होती, ते नऊ घरांचं न्हाणीघर होतं. कडी तेवढी तिच्या हातात होती, आणि तीही तिने हसतमुखाने लावली होती.

आता बोलायलाच हवं होतं. ती फोन घेऊन बाहेरच्या बोळात गेली आणि वाक्य पाठ करू लागली : "मला वाटतं, हे बरोबर नाही." सातव्यांदा म्हणेपर्यंत त्याचं "मला आपलं वाटलं, म्हणजे जमल्यास, राग नसावा," असं झालं. मग ती पाणी प्यायली. मग थोरलीच्या घरी फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील.

ती परत आली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं.

डबा उघडा होता. निम्मी पोळी उरली होती. झाकणाला गोळी तशीच चिकटलेली होती.

तिने टेबलाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, ज्या पेटीत फक्त कार्डं मावतात त्या पेटीतही पाहिलं. मग गोळी मुठीत धरून ती जिना उतरली. खाली चौक होता. चार बाजूंनी गाड्या येत होत्या आणि कोणीही कोणासाठी थांबत नव्हतं. प्रत्येक गाडीच्या मागे लाल दिवे होते, आणि मामाला ते आवडत होते. तिला करकचून लागलेल्या प्रत्येक ब्रेकसरशी एक किंकाळी ऐकू येऊ लागली. चौथ्या वेळी कळलं की ती तिचीच होती.

चपलांच्या दुकानात विचारलं, औषधांच्या दुकानात विचारलं. फळवाला म्हणाला, "दोघं होय? एक बाई माझी पाटी वाचत होती. 'ताजी फळं' म्हणाली. मी म्हटलं, हो. मग पुढं गेली."

"कुठे?"

"पुढच्या पाटीकडं."

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी मधल्याने उचलला आणि कुजबुजत बोलला.

"मॅडम, पाचच्या आत फोन कशाला केलात?"

"थोरली हरवलीय. तिने गोळीही घेतलेली नाही. मी पोलिसांत जातेय, तुम्ही लगेच—"

"पोलीस नको!" कुजबूज इतकी मोठी झाली की तिला कुजबूज म्हणणं कठीण होतं. "पाहुणे बसलेत. घरात दोघंच भावंडं म्हणून सांगितलंय. आता एकदम तिसरं कुठून आणू? येईल ती. पाचपर्यंत वाट बघा."

फोन बंद झाला. अत्तरवाल्या बाईने तर दोनदा कापला.

पोलीस चौकीत जायची चष्मेवालीला इतकी भीती वाटत होती की पायरीवर ती दोनदा थांबली. पण मुठीतली गोळी घामाने विरघळू लागली होती. आत एक हवालदार टेबलफॅनच्या वाऱ्यात कागद दाबून बसला होता. त्याने सगळं नीट ऐकलं. माणूस वाईट नव्हता.

"तुम्ही नात्याने कोण?"

"शिकवते."

"मग घरच्यांना विचारायला हवं." त्याने तिने दिलेला घरचा नंबर फिरवला. "हॅलो, चौकीतून बोलतोय. तुमच्या घरची कोणी बाई, वय चौतीस... नाही? बरं. अशी कोणीच नाही? बरं बरं." त्याने फोन ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि चष्मेवालीकडे दयेने पाहिलं. "मॅडम, जी नाहीच, ती हरवेल कशी?"

"ती आहे! तिला दोन चिमटे आहेत!"

"असतील. पण घरचं एक माणूस आणा, नुसतं 'हो, आमची आहे' म्हणायला. मग बघा, सगळ्या गाड्या सोडतो."

अशा तऱ्हेने, नऊ जणांना वाचायला शिकवणारी ही मुलगी एका माणसाच्या तोंडून 'हो' मिळवायला निघाली. थोरलीचं घर दीड-दोन किलोमीटरवर होतं. ती धावत गेली. वाटेत कुठे गर्दी जमलेली दिसली की ती आत घुसून बघायची. एकदा गर्दी माकडाच्या खेळासाठी होती, एकदा कशासाठी होती ते कोणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर बेल दाबताना तिने वाक्य पाठ केलं नाही. दमच उरला नव्हता.

दार मधल्याने उघडलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि लगेच दुसरा आला.

"अरे, या या! आईचा चष्मा झाला वाटतं? या चष्म्याच्या दुकानातल्या मॅडम," त्याने आत वळून सांगितलं. आईला चष्मा नव्हता.

बैठकीत सहा माणसं होती. कोणीतरी चष्मेवालीला खुर्ची दिली. कोणीतरी चहा हातात दिला. आणि सांगायला लाज वाटते, पण ती बसली. तिने चहाचे दोन घोट घेतले. चहा चांगला होता. या सबंध दिवसात तिला सगळ्यांत भयंकर वाटलेली गोष्ट हीच : तिथे बसणं इतकं सोपं होतं. खोली नीटनेटकी होती, माणसं गोड बोलत होती, आणि थोरली नसल्याची खूण कुठेच नव्हती. आईने भरून आणलेल्या पेल्यांत एकही जास्तीचा नव्हता.

"तर असं आमचं छोटंसं कुटुंब," मधला म्हणत होता. "मी आणि ही धाकटी. दोघंच."

"आमचंही तसंच," पाहुणी म्हणाली. "मी आणि माझा मुलगा. मला ना भाऊ ना बहीण."

अत्तराचा वास चष्मेवालीने ओळखला. मग तिने मान वर केली. पाहुणीनेही नेमकी तेव्हाच केली. दोघींनी एकमेकींना पाहिलं, आणि पाहुणीने हातातला कप घाईने तोंडाला लावला.

चष्मेवाली उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"तुमची थोरली मुलगी हरवली आहे," ती आईला म्हणाली. आवाज तिचा नव्हता, पण दुसरा उपलब्धही नव्हता. "दीड तास होत आला. गोळी घेतलेली नाही. पोलिसांना फक्त एवढंच हवंय की ती आहे असं घरातल्या कोणीतरी म्हणावं." मग ती पाहुणीकडे वळली. "तुमचा भाऊही तिच्याबरोबर आहे. दोघांनाही मीच लपवलं होतं. मला माहीत नव्हतं, पण लपवलं मीच."

नवरा मुलगा आपल्या आईकडे पाहत होता. ती जमिनीकडे पाहत होती.

"मॅडमचा काहीतरी गैरसमज—" मधला हसत म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली. ती उठली होती. हातातला ट्रे तिने खाली ठेवला. "आहे. ती माझी मोठी बहीण आहे. चला, कुठे म्हणायचंय ते सांगा." आणि ती अनवाणीच जिना उतरू लागली.

फाटकाशी रखवालदार बसला होता. धाकटीला असं पाहून तो गडबडीने उभा राहिला.

"थोरली दिसली का काका?"

"त्या होय? त्या कधीच्या आल्यात."

"आल्यात? कुठे?"

"आपल्या आपण आल्या चालत. फाटकावरचं नावसुद्धा वाचून दाखवलं मला. पण दादांनी सकाळीच बजावलं होतं, आज थोरली दिसली तर वर सोडायची नाही, पाहुणे जाईपर्यंत. मी वर तीनदा फोन लावला, लागेना. सोबतचे गृहस्थ सारखे गाड्यांमागं पळायला लागले. म्हणून खाली तळघरात, पंपाच्या खोलीत बसवलं. दहाच मिनिटं म्हणून."

"कधी?"

"झाला की तासभर," रखवालदार म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

जन्मात पहिल्यांदा थोरली एकटी रस्त्याने चालत घरी आली होती, पाट्या वाचत वाचत. आणि घराने तिला तळघरात बसवलं होतं.

लोखंडी दार. त्याला बाहेरून अडसर. आत पंपाचा असा घरघराट की आतल्या कोणी हाका मारल्या असत्या तरी बाहेर ऐकू येऊ नयेत. धाकटीने अडसर ओढला, तो अडकला, तिने पुन्हा ओढला. चष्मेवालीला त्या क्षणी दार उघडूच नये असं वाटलं. उघडलं तर आत काय झालंय ते दिसलंच असतं.

उघडलं.

आत भट्टीसारखा उकाडा होता. जमिनीवर घोटाभर पाणी. समोरच्या भिंतीवर विजेच्या खटक्यांची पेटी, तिचं झाकण निखळलेलं, वायरी बाहेर लोंबत असलेल्या. वायरींच्या मधोमध एक लाल दिवा. आणि उपड्या बादलीवर थोरली बसलेली, मामाला दोन्ही हातांनी मागून आवळून धरलेलं. तिचे ओठ निळसर झाले होते. मामा दिव्याकडे ओढ घेत होता. ती सोडत नव्हती.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "याला तो दिवा पाहिजे. मी म्हटलं, नाही."

पेटीवर गंजकी पाटी होती : धोका. हा शब्द चष्मेवालीने कधी शिकवलाच नव्हता. भीतीचे शब्द आणायचे नाहीत, असं ठरवलं होतं ना.

"हे... हे तुला कसं आलं गं?"

"धोबीतला धो. काकातला का. मी जोडलं."

"आणि त्याचा अर्थ?"

वर्गातल्या मंद मुलाकडे चांगल्या शिक्षकाने पाहावं तसं थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "बाई, वर कवटी काढलीय ना."

वर नेऊन तिला पाणी दिलं, उरलीसुरली गोळी दिली. ओठांचा रंग परत यायला वीस मिनिटं लागली. मग आई पुढे झाली, थोरलीचे केस सारखे केले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने म्हणाली, "आत जाऊन पड हं राणी. पाहुणे आहेत."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तिने पदर तोंडाला लावला.

"ती इथे बसेल, आई," धाकटी म्हणाली. "दादा, ऊठ. खुर्ची दे."

मधला उठला. बराच वेळ त्याला कुठे उभं राहावं ते कळेना.

थोरली खुर्चीत बसली आणि समोरच्या नवऱ्या मुलाला निरखू लागली.

"वाचता येतं?"

"येतं," तो म्हणाला.

"छान. मग बस."

मामा बशीतली बिस्किटं दोन दोन एकदम तोंडात कोंबत होता. मुलाने ते पाहिलं आणि आपल्या आईला हळूच विचारलं, "आई, मामाने सकाळपासून काही खाल्लंय का?"

तिला माहीत नव्हतं. चष्मेवालीलाही माहीत नव्हतं. त्याच्याबरोबर डबा नव्हता, हे तेव्हा प्रथमच सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"मी सांगणारच होते," पाहुणी शेवटी म्हणाली. "लग्न झाल्यावर."

"आम्हीही," थोरलीची आई म्हणाली. बोलणी सुरू झाल्यापासून दोन्ही घरांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

त्या लग्नाचं पुढे काय होणार, ते अजून ठरलेलं नाही. धाकटीने मुलाला एकच अट घातली आहे, थोरली आणि मामा दोघंही लग्नात सगळ्यांसमोर बसतील, आणि तो विचार करतो म्हणाला आहे. वर्गाचं मात्र पुढच्याच रविवारी ठरलं. चष्मेवाली दहाला पाच मिनिटं असताना जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

पेटीवाले साहेब पुतण्याबरोबर गाडीतून उतरले.

"आज तुमच्या घरी कोणी येणार आहे?" तिने पुतण्याला विचारलं.

"हो ना, बायकोच्या माहेरची सगळी. म्हणून तर म्हटलं, आज जरा संध्याकाळपर्यंत—"

"मग आज साहेबांना सुटी."

"म्हणजे?"

"घरी पाहुणे असतील त्या दिवशी इथे यांची जागा नाही. यांची जागा बैठकीत आहे. उद्या या, परवा या, मी दुकान सुटल्यावर शिकवीन. आज नाही."

"अहो, समाजसेवा करता ना तुम्ही?" पुतण्याचा आवाज चढला. "मग करा की! आमची अडचण समजून घ्यायची सोडून..."

चष्मेवालीची बोबडी वळली होती. म्हणून ती नुसती आडवी उभी राहिली. नऊपैकी चार जण त्या दिवशी परत गेले. एका बाईने ग्रंथपालांकडे तक्रार केली. ग्रंथपालांनी चष्मेवालीला सांगितलं, हजेरी अशीच घटली तर खोली बुद्धिबळवाल्यांना द्यावी लागेल. "द्या," ती म्हणाली, आणि मग कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायली.

खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. पुतण्याची गाडी अजून तिथेच उभी होती. तो स्टीअरिंगवर हात ठेवून बसला होता. शेजारी साहेब मांडीवर पेटी घेऊन ताठ बसले होते, कुठेतरी निघालेल्या माणसासारखे. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग गाडी हलली आणि घराच्या दिशेने वळली.

त्या घरी आता काय होईल, हे तिला कळायला मार्ग नव्हता. आपण कदाचित एका माणसाला शाळेतून काढून पुन्हा अंधारात बसवलं, हा विचार तिला आजही सोडत नाही. दुसऱ्याच्या घरातलं कोणालाच दिसत नाही. आपल्या घरात किती माणसं आहेत आणि आल्यागेल्याला आपण किती सांगतो, हे मात्र ज्याचं त्याला पक्कं ठाऊक असतं.